दारोदार मागितलेली ज्वारी

१९७२च्या दुष्काळाचं नाव निघालं की आमच्या पिढीच्या जिभेवर अजून दोन चवी येतात. एक मिलोची. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. भाकरी थापताना कडांना चिरा पडायच्या आणि गार झाली की चावता चावायची नाही. दुसरी चव सुकडीची. भाजलेलं गव्हाचं पीठ, गूळ, थोडं तेल, जमलं तर शेंगदाण्याचा कूट. तिला शिजवायला सरपण लागत नसे, भांडं लागत नसे, आणि ती बरेच दिवस टिकायची. दिवसभर खडी फोडणाऱ्या बाईच्या पदरात घालायला याहून सोयीचं अन्न नव्हतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात ही सुकडी सरकारी कामांवर वाटली जायची, तशी लायन्स क्लबच्या पत्र्याच्या डब्यांतूनही वाटली जायची. माझे वडील, आप्पा, त्या वेळी क्लबचे खजिनदार होते आणि मी हायस्कुलात. आज मी त्याच क्लबचा सभासद आहे, आणि क्लब आजही भुकेल्यांसाठी काम करतो. पन्नास वर्षांत काय काय बदललं हे आतून पाहायला मिळालं, म्हणून हे लिहितो आहे. लिहिण्याचं कारण मात्र एकच आहे. तेव्हा क्लब मागायला दारोदार जात होता. आता जात नाही, जावं लागत नाही. त्याने काय मिळालं आणि काय गेलं, हे मला सांगायचं आहे.

लायन्स ही मूळची शिकागोची चळवळ. मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकाने १९१७ साली सुरू केलेली. त्याआधी त्याच शहरात पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली रोटरी स्थापन केली होती. लायन्स भारतात आला तो १९५६ साली, मुंबईत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो तालुक्यांपर्यंत पोचला. आमच्याकडे डॉक्टर, दोन-तीन वकील, कॉलेजचे प्राचार्य, थिएटरचे मालक, धान्याचे आणि गुळाचे आडते, आणि आप्पांसारखे कापडवाले असे मिळून तो उभा राहिला. महिन्यातून दोनदा सभा. सभेला घंटा, गळ्यात बिल्ला, आणि एक सभासद खास दंड गोळा करायला नेमलेला. उशीर झाला, दंड. बिल्ला विसरला, दंड. मुलगा मॅट्रिक झाला, आनंदाचा दंड. ही सगळी चिल्लर एका डब्यात पडायची. गावाच्या दृष्टीने मात्र तो बऱ्या घरच्या माणसांचा क्लब होता. नेत्रशिबिर झालं की लोक चांगलं म्हणायचे, एरवी फारशी दखल घ्यायचे नाहीत.

दुष्काळाने हे बदललं. त्या वर्षी गावात पैसाच फिरत नव्हता. आप्पांच्या दुकानात लग्नसराईतसुद्धा बस्ता बांधायला माणूस येईना. आडत्यांच्या ओट्यावर माल नाही, म्हणून हमालांना काम नाही. अशा वेळी वर्गणी कोणाकडे मागायची? प्राचार्य रयत शिक्षण संस्थेत शिकलेले होते. सभेत त्यांनी मुष्टिफंडाची आठवण काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत सुरू केली, वसतिगृहं काढली, आणि त्यांतल्या मुलांच्या पोटासाठी घरोघरच्या मुठी गोळा केल्या. लक्ष्मीबाईंनी त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकलं. प्राचार्यांचं म्हणणं असं की, पैसा नसेल, पण ज्यांच्या पेवात जुनी ज्वारी आहे, बळदात तूरडाळ आहे, अशी घरं अजून गावात आहेत. त्यांनी रोज एक मूठ बाजूला काढावी. आठवड्यातून एकदा आपण जाऊन ती आणावी.

ही कल्पना गावाला परकी नव्हती. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. शास्त्रीजी गेले, पण आईने तो नेम सोडला नाही. वारावर जेवून शिकलेली माणसं गावात होती. माधुकरीची झोळी पाहिलेली माणसं होती. गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेली तर कितीतरी. भुकेल्याला अन्न, हे बाबांचं पहिलं मागणं सगळ्यांना पाठ होतं. नवीन इतकंच होतं की या वेळी झोळी घेऊन दारात उभा राहणार होता तो गावातला डॉक्टर, वकील आणि कापडाचा व्यापारी.

पहिल्या बुधवारी निघायची वेळ झाली तेव्हा काही सभासदांचे पाय अडखळले, असं आप्पा सांगत. ज्यांच्या दुकानात लोक उधारी मागायला येतात, त्यांनी लोकांच्या दारात उभं राहून मूठभर ज्वारी मागायची! पण गेले. हातगाडीवर दोन पोती, एक पायली, एक वही. आम्ही शाळेतली पोरं गाडी ढकलायला. प्रत्येक दारात थांबायचं, आवाज द्यायचा, आलेलं धान्य पोत्यात ओतायचं आणि वहीत घराची खूण मांडायची. किती दिलं हे लिहायचं नाही, फक्त दिलं एवढंच. हा नियम डॉक्टरांनी केला होता. किती दिलं ते लिहिलं की जास्त देणारा आणि कमी देणारा असे दोन वर्ग होतात, हे त्यांना ठाऊक होतं.

या फेरीतून जे घडलं ते आधी कोणाच्या मनातही नव्हतं. मागायला जाता जाता क्लबला भूक कुठे आहे ते कळायला लागलं. दोन बुधवार मूठ दिलेल्या घरातून तिसऱ्या बुधवारी बाई बाहेरच आली नाही. एका दारात म्हाताऱ्याने सांगितलं, "मालक, आज मूठ घालायला काय न्हाई बघा." आप्पांनी वहीत काहीच लिहिलं नाही, पण घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई भाजीला जाते असं दाखवून पिशवीत सुकडी आणि तीन-चार शेर ज्वारी घेऊन त्या घरात बसून आली. मग तो शिरस्ताच पडला. मूठ जिथून आली नाही तिकडे लक्ष ठेवायचं. यादी करायला वेगळी माणसं लागली नाहीत, तलाठ्याचा दाखला लागला नाही. जे हात मागायचे तेच हात द्यायचे, आणि घेणाऱ्याचं घरही देणाऱ्यांच्या वहीत होतं. पुढे पाऊस झाल्यावर त्यांच्याही मुठी पुन्हा सुरू झाल्या.

धान्य घरोघरचं, पण गूळ, तेल आणि गहू विकत घ्यावे लागत. त्यासाठी रोख पैसा हवा. गुळाच्या आडत्यांनी पट्टीतली धर्मादायाची रक्कम दिली. बाकीचा पैसा नाटकातून आला. त्या काळी तालुक्याच्या गावात निधी गोळा करायचा म्हणजे नाटकाचा कंत्राटी प्रयोग लावायचा, दुसरी वाट नव्हती. कंपनीचे पैसे ठरवायचे, शाळेच्या मैदानावर कनाती ठोकायच्या, खुर्च्या मंडपवाल्याकडून, बाकी जमिनीवर सतरंज्या. करमणूक कर माफ व्हावा म्हणून कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा आणि त्यासाठी दोन-तीनदा सोलापूरला एसटीने जायचं. तिकीट म्हणायचं नाही, देणगी प्रवेशिका म्हणायचं. सोबत स्मरणिका. तिच्यात पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान अशा जाहिराती. ज्याला नाव नको असे तो 'एक हितचिंतक' एवढंच छापायला सांगे, आणि अशा हितचिंतकांची स्मरणिकेत बरीच पानं असत. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे पाहायला बैलगाड्या करून माणसं येत असत तो हा काळ. नट चांगला असला की दुष्काळातही प्लॅन भरायचा. लोकांना एक रात्र सगळं विसरून बसायला मिळायचं, आणि त्याच पैशातून सकाळी गुळाच्या ढेपा यायच्या. मला यात काही विसंगत वाटत नाही. दुःखाच्या वर्षी माणसाला नाटकाचीही भूक असते.

आप्पांच्या दोन वह्या होत्या, एक लाल आणि एक निळी. लालमध्ये सभासदांच्या वर्गणीचा आणि दंडाचा हिशेब. सभेचा चहा, छपाई, टपाल, जिल्ह्याच्या बैठकीचा प्रवास, सगळं त्यातून. निळीमध्ये लोकांकडून आलेला पैसा. हा दंडक लायन्सचाच आहे: लोकांकडून सेवेसाठी घेतलेला पैसा क्लबच्या खर्चाला वापरायचा नाही. आप्पा तो पैशापैशाने पाळत. सुकडी भाजायला बसलेल्या बायकांना चहा द्यायचा, तर तो कुठल्या वहीत मांडायचा यावर सभेत चर्चा झाली आणि चहा लाल वहीतच मांडला गेला. मला त्या चर्चेचा तेव्हा कंटाळा आला होता. आज खजिनदाराच्या टेबलाशी बसतो तेव्हा वाटतं, गावाने आम्हाला पुढच्या बुधवारी दार उघडलं ते त्या निळ्या वहीमुळे.

त्या वर्षाबद्दल बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दुष्काळातून महाराष्ट्राला तारलं ते क्लबांनी नाही. तारलं ते कामाने. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्यांची खडी अशी कामं सरकारने काढली आणि १९७३च्या मे महिन्यात त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता: मागणाऱ्याला भीक नको, काम द्या. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७चा कायदा आला, आणि २००५ साली देशाने तो धडा घेतला. क्लबने केलं ते उरलेलं. ज्यांना हातोडा उचलता येत नव्हता त्यांच्यापर्यंत पोचणं. म्हातारे, बाळंतिणी, आणि कामावर आईच्या मागे आलेली लहान मुलं. बरी बागायत असलेल्या घरच्या बायकासुद्धा त्या वर्षी तोंडावर पदर ओढून खडी फोडत होत्या. त्या सुकडीच्या रांगेत उभ्या राहत नसत. डॉक्टर त्यांच्या मुलांना तपासायला बोलावत आणि औषध म्हणून सुकडीची पुडी देत.

आणि सगळं चांगलंच होतं असंही नाही. आम्ही सुकडी वाटायला जायचो त्या तलावाच्या कामावर पाण्याचे रांजण दोन होते. दलित बायकांची रांग थोडी बाजूला असायची, ती तशी लावायला कोणी सांगितलेलं नव्हतं, तरी ती तशीच लागायची. वाटणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्या ओच्यात वरून सुकडी टाकायचा. डॉक्टरांनी ते पाहिलं, त्याच्या हातातलं मापटं काढून घेतलं, दोन्ही रांगा एक केल्या आणि स्वतः वाटायला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दोन सभासद आले नाहीत. त्याच सुमाराला बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली होती, ती उगाच नव्हती. तेव्हाची माणसं फार चांगली आणि आताची वाईट, असं जे म्हणतात त्यांनी ते दोन रांजण आठवावेत.

बायकांचंही तेच. गावात वाटली गेलेली सगळी सुकडी बायकांनी भाजली. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात चुली मांडून, डोळ्यांत धूर घेऊन, उन्हाळ्याच्या दिवसांत. घरातल्या घरात शेजारणीकडून बातमी काढायची, कोणाकडे चूल पेटली नाही ते हेरायचं, तेही त्यांनीच. पण सभेत त्यांना जागा नव्हती. लायन्सने जगभर स्त्रियांना सभासदत्व दिलं ते १९८७ साली, आणि रोटरीने १९८९ साली. तोवर त्या सभासदाच्या पत्नी म्हणून ओळखल्या जायच्या. आईचं नाव क्लबच्या कुठल्याही कागदावर नाही. आज आमच्या क्लबच्या अध्यक्ष एक बाई आहेत, सचिवही बाईच आहेत, आणि क्लबमध्ये खरं काम करणाऱ्यांची मोजणी केली तर त्यात निम्म्याहून जास्त बायका निघतील. आप्पांच्या काळाहून आजचा काळ निर्विवाद पुढे आहे, असं मी या एका बाबतीत बिनदिक्कत म्हणतो.

दुसरी पुढे गेलेली गोष्ट म्हणजे धान्य आता हक्काचं झालं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि २०२३पासून तेही मोफत. राज्यात १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन आलं. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ सालीच 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्याला फुकट नको, परवडेल असं ताजं जेवण हवं, हे त्यांनी ओळखलं. मुंबईत निवृत्त पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी रोटी बँक काढली. कार्यालयांत, हॉटेलांत उरलेलं चांगलं अन्न भुकेल्यांपर्यंत नेणारे तरुण आता बहुतेक शहरांत आहेत. लायन्सने आपल्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी जगभरासाठी जी मोजकी सेवाक्षेत्रं ठरवली, त्यांत मधुमेह, दृष्टी, पर्यावरण, बालकांचा कॅन्सर यांच्या जोडीला भूक आहे.

आणि पैसा! तो आता किती सहज येतो. क्लबच्या अध्यक्षबाई संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ टाकतात, खाली क्यूआर कोड. रात्री झोपायच्या आत पुण्याहून, बंगळूरहून, न्यू जर्सीहून गावच्या मुलामुलींचे पैसे जमा. त्यांतले कित्येक जण आठवीत माझ्यामागे हातगाडी ढकलणाऱ्यांची नातवंडं आहेत. त्यांना गाव आठवतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पावती आपोआप जाते, ऐंशी-जीचं प्रमाणपत्र जातं, कारखान्यांकडून सीएसआरचा निधी मागता येतो. नाटकाच्या कनाती नाहीत, करमाफीचा अर्ज नाही, 'पाव पान तरी द्या' अशी विनवणी नाही. निळी वही आता संगणकात आहे आणि दरवर्षी लेखापरीक्षक ती तपासतो. आप्पांना हे पाहून बरंच वाटलं असतं.

पण २०२०च्या टाळेबंदीत आम्हाला कळलं की पैसा मिळणं आणि भूक सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवीस मार्चनंतर देणग्या अशा आल्या की किराणा दुकानात माल कमी पडला. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, मीठ, साबण अशा पिशव्या भरल्या. द्यायच्या कोणाला, तर यादी हवी. याद्या आल्या वॉर्डातल्या कार्यकर्त्यांकडून, ग्रुपवरून, ओळखीतून. काही घरांत तीन-तीन संस्थांच्या पिशव्या पोचल्या. आणि बाजारपेठेच्या मागच्या बोळातले एक निवृत्त शिंपीकाका, बायको वारलेली, मुलगी सासरी लांब, चहा आणि टोस्टवर दिवस काढत होते. त्यांच्याकडे रेशनकार्ड होतं, धान्यही होतं. हात थरथरतात म्हणून स्वयंपाक होत नव्हता, आणि समोरची खानावळ बंद झाली होती. ते कुठल्याच यादीत नव्हते, कारण कोणत्याच खणात ते बसत नव्हते. त्यांच्या दारावरून आमची गाडी रोज जात होती.

१९७२ साली ते सापडले असते. बुधवारी त्यांच्या दारात कोणीतरी मूठ मागायला उभं राहिलं असतं.

आजची भूक अशी आहे. ती रस्त्यावर फारशी दिसत नाही, कारण धान्य आहे. ती बंद दाराआड आहे. मुलं परदेशी किंवा पुण्यात, घरात दोन म्हातारी माणसं, त्यांतलं एक अंथरुणाला. ऊसतोडीला आलेलं कुटुंब, कार्ड गावाकडे, पालावर दिवस उजाडायच्या आधीच कामाला निघालेलं आणि मागे उरलेली पोरं. उपजिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात चादर पसरून बसलेला रुग्णाचा भाऊ. रुग्णाला आतून जेवण मिळतं, याला नाही, आणि हा दोन वेळच्या जेवणाचे पैसे औषधासाठी राखून ठेवतो. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात, तिथे हे दुःख फार पूर्वी ओळखलं गेलं. तालुक्याला ते ओळखायला आम्ही उशीर केला.

टाळेबंदी उठल्यावर क्लबच्या बायकांनी पुन्हा दारोदार जायचं ठरवलं. मागायला नाही, विचारायला. पण नुसतं "तुम्हाला जेवणाची अडचण आहे का?" असं विचारलं तर कोण हो म्हणेल? म्हणून त्यांनी जुनीच वाट धरली: महिन्याला मूठभर डाळ द्याल का, एवढंच विचारायचं. दार उघडतं, दोन शब्द होतात, स्वयंपाकघर दिसतं, आणि न सांगता कळायचं ते कळतं. अशा फेऱ्यांतून जी घरं सापडली त्यांना आता रोज संध्याकाळी डबा जातो. दोन पोळ्या किंवा एक भाकरी, भाजी, आमटी, भात. ज्यांना देणं शक्य आहे ते महिन्याला आपल्या मनाने काही देतात, आणि त्यामुळे डबा घेताना त्यांची मान ताठ राहते. रुग्णालयातल्या नातेवाइकांना तोच स्वयंपाक. लग्नाच्या दिवसांत कार्यालयातून उरलेलं अन्नही येतं, पण नियम कडक आहेत: पंगत उठल्यावर तासाभरात न्यायचं, पनीर, कोशिंबीर आणि दुधाचं काही घ्यायचं नाही, भाताचा वास पाहिल्याशिवाय गाडीत चढवायचा नाही. आपल्याला जे खायला चालणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही.

फोटोचा प्रश्न मात्र माझ्या जिवाला लागतो. पिशवी देणारे आठ हात, मागे बॅनर, आणि मध्ये ती घेणारी बाई पदराने तोंड झाकायचा प्रयत्न करते आहे, असा एक फोटो टाळेबंदीत सगळीकडे फिरला. आमच्या गावातला नव्हता, पण असू शकला असता. संस्थांना वर अहवाल पाठवावे लागतात, देणगीदाराला पुरावा हवा असतो, हे मला समजतं. तरीही पुरावा म्हणून माणसाचा चेहरा लागता कामा नये. किराण्याची बिलं आहेत, स्वयंपाकघराचा फोटो आहे, लेखापरीक्षकाची सही आहे. जे डॉक्टर किती दिलं हेसुद्धा लिहू देत नव्हते, त्यांच्या क्लबने आता ठराव केला आहे की घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. एका मोठ्या देणगीदाराने त्यावरून हात आखडता घेतला. अध्यक्षबाईंनी ते मान्य केलं आणि ठराव तसाच ठेवला. त्या सभेत मी टाळी वाजवली.

आज अडचण आहे ती माणसांची. पैसे पुरतात, धान्य पुरतं, दोन स्वयंपाकिणी पगारावर आहेत. डबा पोचवायला माणूस मिळत नाही. तेव्हा दुकान बंद करून व्यापारी हातगाडीमागे चालत होते. आता देणारा पैसे पाठवून मोकळा होतो, आणि त्यात त्याचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, कारण तो दूर आहे, नोकरीत आहे. पण जे गावातच आहेत, निवृत्त आहेत, ज्यांची मुलं मोठी झाली आहेत, त्यांच्याबद्दल मला असं म्हणता येत नाही. डबा पोचवण्याचं काम डिलिव्हरीच्या पोराला देऊन भागणार नाही, कारण डबा ठेवून निघून यायचं नसतं. कालचा डबा संपला होता का, हे पाहायचं असतं. औषधं घेतली का, दिवा लागतो का, पायाची सूज उतरली का, हे विचारायचं असतं. शिंपीकाका गेले ते कळलं तेही डबा द्यायला गेलेल्या बाईलाच. नाहीतर किती दिवस कळलं नसतं, कोण जाणे.

तुम्ही तालुक्याच्या गावात राहत असाल तर तुमच्या गावातही लायन्स, रोटरी, महिला मंडळ, एखादं गणेश मंडळ असं काहीतरी करत असेलच. त्यांना पैसे पाठवत असाल तर पाठवत राहा, ते लागतात. पण त्याबरोबर आठवड्यातला एक दिवस, एक तास मागून घ्या आणि तुमच्याच गल्लीतल्या चार दारांत स्वतः जाऊन उभे राहा. मूठभर डाळ मागा. ज्या घरातून ती येणार नाही, ते घर लक्षात ठेवा. आणि आमच्या गावातले असाल तर क्लबच्या हॉलवर या. नाव नोंदवायचा फॉर्म नाही, वर्गणी नाही, सायकल असली तरी चालते. डबे रोज संध्याकाळी साडेसहाला भरून तयार असतात.